बीटल्सच्या गाण्यांसाठी नेमक्या किती गिटारी लागतात? हौशी ट्रिब्यूट बँडमधील वादकांना प्रश्न

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. मी नोकरी सांभाळून गेली नऊ वर्षे गिटार वाजवते. आम्ही चौघांनी मिळून येत्या डिसेंबरात बीटल्सच्या गाण्यांचा दीड तासाचा कार्यक्रम करायचे ठरवले आहे. त्यांची गाणी आमच्या पद्धतीने म्हणायची, एवढ्यावर आम्हाला थांबायचे नाही. ध्वनिमुद्रणात जे वाजले आहे ते शक्य तितके जसेच्या तसे वाजवायचे, असा आमचा आग्रह आहे. माझ्या वाट्याला जॉर्ज हॅरिसन यांचे वादन आले आहे.

माझ्याजवळ यामाहाची एक साधी अकूस्टिक गिटार आहे आणि स्ट्रॅटोकास्टर घडणीची एक इलेक्ट्रिक. तयारीला लागल्यावर लक्षात आले की एका गाण्यात बारा तारांची गिटार आहे, दुसऱ्यात पोकळ अंगाची आहे, तिसऱ्यात आणखी काही वेगळेच आहे, आणि मूळ वाद्यांच्या किमती माझ्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतक्या आहेत. शिवाय मी पाश्चात्त्य संगीत रीतसर शिकलेले नाही. लहानपणी पाच वर्षे पेटी शिकले. मला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येत नाही.

जे हौसेने अशा बँडमध्ये वाजवतात त्यांनी कृपया दोन गोष्टी सविस्तर सांगाव्यात. तुमची सांगीतिक जडणघडण कशी झाली, आणि नोटेशन न वाचता मूळ वादनापर्यंत पोहोचता येते का? तसेच, तुमच्याकडे कोणकोणत्या गिटारी आहेत, आणि त्यांतील कोणत्या खरोखर उपयोगी पडल्या?

मिरजेचा तंबोरा (पुणे)

तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण गेली बारा-तेरा वर्षे मी पुण्यातील चार हौशी वादकांच्या बँडमध्ये जॉर्ज यांचेच वादन करतो आहे. नोकरी बँकेत, तालीम रविवारी सकाळी, आणि वर्षाकाठी चार-पाच कार्यक्रम, एवढाच आमचा पसारा आहे. जडणघडणीपासून सुरुवात करतो, म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ओघाने येईल.

माझा जन्म मिरजेचा. वडील भजनी मंडळात पेटी वाजवत, आणि मी शाळेत असतानाच तबल्याच्या प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या. मिरजेत वाढलेल्या मुलाला वाद्य बनताना दिसते, ही मोठी शिदोरी आहे. शाळेतून घरी येताना सतारमेकरांच्या दुकानांवरून वाट होती. भोपळे वाळत टाकलेले असायचे, कोणी तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत असायचा आणि दर चार-पाच घासांनंतर तार छेडून कान लावायचा. 1983 मध्ये मुंबईच्या आतेभावाने बीटल्सची एक कॅसेट आणली. भाषा अर्धीमुर्धीच कळत होती, पण गाण्यामागे दोन गिटारी एकमेकींना जागा देत कशा चालतात, ते ऐकून मी जागीच खिळलो.

पहिली गिटार 1985 मध्ये घेतली. कोलकात्यात बनलेली होती. तिच्या तारा पडद्यांपासून इतक्या उंच होत्या की पाचव्या पडद्यावर तार दाबताना बोट सोलवटायचे आणि सूरही चढायचा. वडिलांनी ती ओळखीच्या एका सतारमेकरांकडे नेली. त्यांनी एक डोळा मिटून मान नजरेखालून घातली, तारा सैल केल्या, घोडीतील हाडाची पट्टी उपसून काढली आणि तिचा तळ काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासायला घेतला. घासायचे, पट्टी बसवायची, तार लावायची, ऐकायचे, पुन्हा काढायची. असे त्यांनी सहा-सात वेळा केले असेल. शेवटी म्हणाले, "तंबोऱ्याला जवारी आणतो, हिची काढायची आहे." तारेची गुणगुण तंबोऱ्याचा प्राण असते आणि गिटारीत तीच खोट ठरते. दोन्हींचे मूळ मात्र एकच, म्हणजे तार कोठे टेकते आणि कशी सुटते. त्या दिवसापासून गिटारीची किंमत विचारण्याआधी मी ती लावली कशी आहे ते पाहतो.

आता नोटेशनचे. मलाही ते वाचता येत नाही, आणि बीटल्सपैकी कोणालाही ते वाचता येत नव्हते. मी कॅसेट मागे-पुढे करत पेटीवर स्वर शोधायचो आणि वहीत सारेगममध्ये उतरवायचो. आजही माझ्या वहीत सगळे एकल तुकडे तसेच आहेत, फक्त समेच्या खुणेबरोबर पडद्याचा आकडा लिहिलेला असतो. पेटी शिकल्याचा तुम्हाला जेवढा वाटतो त्याहून अधिक फायदा होणार आहे, कारण स्वरांतील अंतर तुमच्या कानात आधीच बसलेले आहे. एक युक्ती सांगतो. त्यांच्या 1963 च्या दोन्ही अल्बमांच्या स्टिरिओ आवृत्त्यांत वाद्ये एका बाजूला आणि आवाज दुसऱ्या बाजूला आहेत. हेडफोनची आवाजाची बाजू काढून ठेवली की केवळ वादन उरते, आणि मग दोन गिटारींचे धागे वेगळे करता येतात.

तबल्याचा उपयोग अगदी अनपेक्षित ठिकाणी झाला. "हिअर कम्स द सन" या 1969 च्या गाण्याच्या मधल्या भागात आमचे तीन सहकारी दर वेळी चुकत, कारण ते चारचार मोजत होते. तो भाग अर्ध्या मात्रांत मोजला, तर 11, मग 8, मग 7 असे खंड पडतात. तिहाई घेऊन समेवर येण्याची सवय असलेल्या माणसाला ते मोजावेही लागत नाही, अंगातच येते. मला तर तेथे तिहाईची स्पष्ट सावली दिसते, आणि ते नवल नाही. सप्टेंबर 1966 मध्ये जॉर्ज मुंबईत येऊन पंडित रविशंकरांकडे सतार शिकत होते, आणि जानेवारी 1968 मध्ये त्यांनी मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले, ज्यात बासरीवर एस. आर. केंकरे होते आणि हार्मोनियम व तबलातरंग यांवर रिजराम देसाड होते. त्याही आधी, 1966 च्या "रिव्हॉल्व्हर" अल्बमवर तबलावादक म्हणून अनिल भागवत यांचे नाव छापलेले आहे. ते नाव अल्बमच्या वेष्टनावर मी प्रथम वाचले, तेव्हा वडिलांना हाक मारून दाखवले होते.

आता गिटारींविषयी. आज माझ्याकडे सहा आहेत, आणि प्रत्येक कोणत्या ना कोणत्या गाण्यासाठी आली आहे.

सर्वांत जुनी ती कोलकात्याची. जॉन लेनन यांना ऋषीकेशच्या मुक्कामात, 1968 मध्ये, गायक डॉनोव्हन यांनी बोटांनी तारा छेडण्याची पद्धत शिकवली, आणि त्यातून जी शांत गाणी आली त्यांसाठी मी हीच वाजवतो. "डिअर प्रूडन्स"साठी सहावी तार एक पूर्ण स्वर खाली, म्हणजे डी वर उतरवावी लागते. जुन्या गिटारीवर ते निर्धास्तपणे करता येते.

दुसरी एपिफोनची ईजे-160ई, कोणाची तरी वापरलेली. जॉन आणि जॉर्ज या दोघांनी 1962 मध्ये लिव्हरपूलमधील एका दुकानातून गिब्सन जे-160ई घेतल्या होत्या, तिचीच ही धाकटी बहीण. हिचा वरचा तक्ता प्लायचा असल्याने ती नुसती वाजवली तर आवाज कोरडा आणि आखूड वाटतो, आणि पुष्कळ लोक म्हणूनच तिला नावे ठेवतात. पण आरंभीच्या गाण्यांत तालाची गिटार तशीच वाजते: मागे रेंगाळत नाही, ढोलासारखी ठोका देऊन थांबते. उत्तम लाकडाची महागडी अकूस्टिक तेथे गोड वाजते आणि गाणे बिघडवते.

तिसरी ग्रेचची इलेक्ट्रोमॅटिक. जॉर्ज यांनी 1961 मध्ये एका खलाशाकडून ग्रेच ड्युओ जेट विकत घेतली. अमेरिकेहून आणलेली होती, आणि त्या वयात त्यांना ती परवडणारी नव्हती, तरी घेतली. पहिल्या अल्बमातील त्यांचे बहुतेक इलेक्ट्रिक वादन तिच्यावरचे आहे. चौथी एपिफोन कसिनो, जी आतून संपूर्ण पोकळ असते. पॉल मॅकार्टनी यांनी ती प्रथम घेतली, पुढे 1966 मध्ये जॉन आणि जॉर्ज यांनी, आणि 30 जानेवारी 1969 रोजी लंडनमधील एका गच्चीवर झालेल्या बीटल्सच्या शेवटच्या जाहीर वादनात जॉन यांच्या हातात तीच होती. "टॅक्समन" हे गाणे जॉर्ज यांचे असले, तरी त्यातील तो धारदार एकल तुकडा पॉल यांनी कसिनोवर वाजवलेला आहे. तुमच्या कार्यक्रमात तो कोणी वाजवायचा, ते आधीच ठरवून टाका. पोकळ गिटार ॲम्प्लिफायरसमोर उभी राहिली की घुमू लागते. मोठ्या आवाजाच्या मंचावर तिची तोंड-दिशा सांभाळावी लागते, आणि ते तालमीतच शिकायला हवे.

पाचवी निळी स्क्वायर स्ट्रॅट. जॉन आणि जॉर्ज यांनी 1965 मध्ये फिकट निळ्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या, आणि "नोव्हेअर मॅन"चा एकल तुकडा दोघांनी एकत्र वाजवला. त्याच्या शेवटचा काचेसारखा स्वर पाचव्या पडद्यावर पहिल्या तारेला नुसता स्पर्श करून काढलेला आहे. ही मी केवळ त्या एका गाण्यासाठी घेतली. तुमच्याकडे स्ट्रॅट आहेच, त्यामुळे तो खर्च तुमचा वाचला.

सहावी बारा तारांची इलेक्ट्रिक, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुम्ही पुढची एकच गिटार घेणार असाल तर ही घ्या. जॉर्ज यांना फेब्रुवारी 1964 मध्ये न्यूयॉर्कला रिकनबॅकर 360/12 मिळाली आणि त्या वर्षीच्या गाण्यांचा रंगच पालटला. ती मला परवडणारी नव्हती. मी कोरियात बनलेली एक साधी बारा तारांची घेतली, सगळे स्वर बरोबर वाजवले, तरी तो आवाज येईना. पुष्कळ महिने माझा समज होता की पैसे कमी पडले म्हणून आवाज कमी पडतो. मग कळले की रिकनबॅकरवर खालच्या चार जोड्यांतील तारांचा क्रम इतर कंपन्यांच्या उलट असतो. सर्वसाधारण बारा तारांच्या गिटारीवर वरून खाली फटका मारताना आधी बारीक, सप्तकाने वरची तार लागते आणि नंतर जाड. रिकनबॅकरवर आधी जाड लागते आणि मागाहून बारीक चमकते.

गिटार घेऊन मिरजेला गेलो. ज्यांनी माझी पहिली गिटार लावली होती त्यांचे नातू आता दुकान पाहतात. त्यांनी जुने तारगहन, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाशी तारा ज्या खाचांत बसतात ती पट्टी, काढून हाडाचे नवे केले. कागदाच्या पट्टीवर आधी बारा खुणा, त्या हाडावर उतरवल्या, मग तारेच्या जाडीप्रमाणे वेगवेगळ्या कानशींनी खाचा. दर दोन खाचांनंतर ते हाडाचा भुगा फुंकून बोटाच्या नखाने खाच चाचपत होते. संध्याकाळी चार जोड्या उलट्या लावल्या आणि पहिला फटका मारला तेव्हा दुकानातील तिघेही हातातले काम थांबवून पाहू लागले. गिटार तीच, तारा त्याच, फक्त त्यांचा क्रम बदलला होता.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की नवी गिटार घेण्याआधी आहे ती नीट लावून घ्या, आणि तारा बदलून पाहा. त्या काळच्या इलेक्ट्रिक गिटारींवर सपाट वेष्टनाच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा सर्रास असत आणि तिसरी तारही वेष्टनाची असे. तुमच्या स्ट्रॅटवर तसा एक संच चढवलात, तर निम्मे अंतर त्या आठवड्यातच कापले जाईल.

मर्सीकाठ (लिव्हरपूल)

मूळचा साताऱ्याचा, आता अठरा वर्षे येथे. वरील प्रतिसाद अतिशय मोलाचा आहे, मात्र एका बाबतीत मी थोडा वेगळा विचार मांडू इच्छितो.

दर वर्षी ऑगस्टमध्ये येथे बीटल्स सप्ताह भरतो आणि जगभरातील ट्रिब्यूट बँड येऊन वाजवतात. बीटल्स सुरुवातीला जेथे वाजवत, तो मॅथ्यू स्ट्रीटवरचा कॅव्हर्न क्लबही त्यात असतो. मूळ क्लब 1973 मध्ये बंद झाला, आणि जुन्याच विटांपैकी पुष्कळशा वापरून तो 1984 मध्ये पुन्हा उभा राहिला. जपान, ब्राझील, स्वीडन अशा देशांतील हौशी मंडळींना मी त्या कमानींखाली ऐकले आहे. त्यांतील बरेच जण दिवसा शिक्षक, वायरमन किंवा परिचारक असतात. माझा अनुभव असा की श्रोत्याचे डोळे आधी वाद्य पाहतात आणि मग कान उघडतात. पॉल यांची व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बास मंचावर दिसली की पहिली रांग एकदम सावरून बसते. पॉल यांनी ती 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतली होती. 1972 मध्ये ती चोरीला गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनी त्यांच्याकडे परत आल्याचे फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झाले. येथे त्या दिवशी बसमध्ये अनोळखी माणसेही त्याविषयी बोलत होती. एखाद्या वाद्याच्या आकारावर लोकांचा किती जीव असतो, हे मी तेव्हा पाहिले.

त्यामुळे गोदाकाठ यांना माझे सांगणे असे की जॉर्ज यांच्या सगळ्या गिटारींच्या मागे लागू नका, पण तुमच्या बासवादकाला शक्य असेल तर व्हायोलिनच्या आकाराची बास अवश्य मिळवा. त्या घडणीच्या स्वस्त बासही मिळतात, आणि पोकळ अंगामुळे त्यांचा आवाजही तसा गुबगुबीत, लवकर विरणारा येतो. जॉन आणि जॉर्ज यांच्या गिटारींच्या बाबतीत मात्र मी मिरजेचा तंबोरा यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

शिसव (मडगाव)

मी गिटार, मँडोलिन आणि व्हायोलिन यांची दुरुस्ती करतो. वडिलांकडून आलेले काम आहे. दोन मुद्दे जोडतो, कारण ते दोन्ही वर राहून गेले आहेत.

पहिला मुद्दा नोटेशनचा. कानाने शिकणे उत्तमच, आणि बीटल्सही तसेच शिकले, हे खरे आहे. तरीही आमच्या गोव्यात गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवण्याची जुनी परंपरा होती, आणि त्याच शिदोरीवर गोव्याचे वादक मुंबईच्या सिनेसंगीतातील वाद्यवृंदांत गेले. माझ्या वडिलांना चार ओळी पाहून पाचव्या मिनिटाला वाजवताना मी पाहिले आहे. तुमच्या कार्यक्रमात तंतुवाद्यांचे गाणे असेल आणि बाहेरचे व्हायोलिनवादक बोलवायचे असतील, तर त्यांच्यापुढे सारेगमची वही ठेवून चालणार नाही. गटातील एकाने तरी वाचायला शिकावे, असे मला कळकळीने वाटते. सहा महिने रोज अर्धा तास दिला तर ते जमते.

दुसरा मुद्दा पावसाळ्याचा. गिटारीला हवेतील आर्द्रता साधारण 45 ते 55 टक्के मानवते. आमच्याकडे जूनपासून ती 90 च्या आसपास राहते, आणि नाशिककडे पावसाळ्यात चढून उन्हाळ्यात एकदम उतरते. अखंड लाकडाचा वरचा तक्ता पाणी पिऊन फुगतो, घोडी उचलली जाते आणि तारा उंच होतात. उन्हाळ्यात उलट होऊन तारा पडद्यांना लागू लागतात. लोक दोन्ही वेळा ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक बदलणारी आतली धातूची दांडी, फिरवत बसतात आणि मग माझ्याकडे येतात. आधी मोजून पाहावे. सहावी तार पहिल्या पडद्यावर एका हाताने दाबा, जेथे मान अंगाला मिळते त्या पडद्यावर दुसऱ्या हाताने दाबा, आणि सातव्या-आठव्या पडद्याच्या माथ्यावर तारेखाली किती फट राहते ते पाहा. साधे व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकले तर मानेचा बाक ठीक आहे आणि दोष दुसरीकडे आहे. फट जास्त किंवा अजिबात नसेल तरच ट्रस रॉडला हात लावा, तोही एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नको, आणि पुढचा पाव फेरा दुसऱ्या दिवशी.

गिटार पेटीत ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि त्या पुड्या दर पंधरवड्याला कोरड्या करा किंवा बदला. एकदा पाणी पिऊन भरलेली पुडी पुढे काहीही करत नाही, आणि बहुतेक पेट्यांत मला तशाच पुड्या सापडतात. प्लायच्या तक्त्याची गिटार पावसाळ्यात फारशी हलत नाही. वर ईजे-160ई चा उल्लेख आला आहे. आवाजाचा मुद्दा सोडला तरी आपल्या हवेत तेवढ्यासाठी तो मोठा गुण आहे.

माझ्या नावाविषयी कोणी विचारण्याआधी सांगतो. जगातील असंख्य गिटारींच्या पडदेपट्टीला आणि अकूस्टिक गिटारींच्या पाठीला जे इंडियन रोझवुड वापरतात, ते म्हणजे आपली शिसव. आजीच्या शिसवी पलंगाचा खूर आणि अमेरिकेतून आलेल्या गिटारीची पाठ शेजारी ठेवून पाहा. तोच जांभळट तपकिरी रंग, त्याच काळ्या रेषा. जानेवारी 2017 मध्ये रोझवुडच्या सर्व जातींच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले होते. नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. जुनी शिसवी पडदेपट्टी कोरडी पडून पांढुरकी दिसू लागली, तर वर्षातून एकदा तारा बदलताना थोडे लेमन ऑइल लावून लगेच पुसून घ्या. खोबरेल तेल मात्र लावू नका. दर वर्षी दोन-तीन गिटारी माझ्याकडे त्याच कारणाने येतात.

गोदाकाठ (नाशिक)

तिन्ही प्रतिसाद मी आमच्या गटात मोठ्याने वाचून दाखवले. काल लगेच व्हिजिटिंग कार्ड लावून पाहिले. यामाहाचा बाक ठीक निघाला, म्हणजे तारा उंच आहेत त्या घोडीतील पट्टीमुळे. स्ट्रॅटवर फ्लॅटवाउंड तारांचा संच मागवला आहे. बासवादक मित्राने हॉफनरच्या घडणीची एक बास पाहून ठेवली आहे, आणि ढोलकी वाजवत मोठा झालेल्या आमच्या ड्रमरने स्वरलिपी शिकण्याचे काम स्वतःहून अंगावर घेतले आहे.

एक बारा तारांची गिटार येथेच विकाऊ आहे. ती घेण्याआधी शेवटचा प्रश्न. "अ हार्ड डेज नाइट"च्या आरंभीचा तो एकच झंकार आम्ही तीन आठवडे लावून पाहतो आहोत. मी एकटीने कसाही वाजवला तरी तो अपुरा वाटतो. माझे काय चुकते आहे?

मिरजेचा तंबोरा (पुणे)

तुमचे काही चुकत नाही. तो झंकार एका गिटारीचा नाहीच.

तो 16 एप्रिल 1964 रोजी ध्वनिमुद्रित झाला. जॉर्ज यांनी पुढे स्वतः सांगितले होते की बारा तारांवर त्यांनी एफ हा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, वाजवला असून त्याच्या वर जी हा स्वर होता. म्हणजे पहिली जोडी तिसऱ्या पडद्यावर दाबायची. जॉन यांची गिटार त्याच वेळी त्याच कॉर्डवर आहे. पण तळाशी पॉल यांची बास एफ न धरता डी वर आहे, आणि त्या डी मुळेच तो स्वरसमूह कोठे जायचे ते न सांगता हवेत लटकत राहतो. पियानोवर त्यांचे ध्वनिमुद्रण-निर्माते जॉर्ज मार्टिन आहेत. तुम्ही गिटारीवर सगळे स्वर शोधत असाल, तर डी तुमच्या हाती लागूनही तो खर्जाचा जडपणा येणार नाही.

आम्ही तो असा बसवला. बाकीच्या तिघांनी ड्रमरकडे पाहायचे. कोणीही तोंडाने मोजायचे नाही. ड्रमरच्या खांद्याची हालचाल दिसली की बारा तारांवर वरून खाली एकच, मोकळ्या मनगटाचा फटका, त्याच क्षणी बासची डी, आणि तालाच्या गिटारीचा एफ थोडा दबता. पियानो नसेल तर किबोर्डवर खालचे स्वर हलकेच धरून ठेवावेत आणि पायाचे पेडल दाबून सोडू नये. मग चौघांनीही हात न हलवता थांबायचे. बहुतेक हौशी बँड येथे घाई करतात आणि झंकार विरण्याआधीच गाणे सुरू करतात. आम्ही पहिले कित्येक रविवार फक्त थांबण्याचा सराव केला.

त्याच गाण्यातील एकल तुकडा पूर्ण वेगाने बसत नसेल तर निराश होऊ नका. तो टेप अर्ध्या गतीने चालवून, बारा तारांची गिटार आणि पियानो एकत्र वाजवून ध्वनिमुद्रित केला आणि मग मूळ गतीवर आणला. आधी पेटीवर संथपणे बसवा, मग फक्त शेवटच्या उतरत्या ओळीचा वेग रोज थोडा वाढवत न्या.

गिटार घेतलीत की तिच्या तारगहनाची लांबी, जाडी आणि उंची मिलीमीटरमध्ये मोजून मला कळवा. बारा तारांची जाडी पाकिटावर छापलेली असते, तीही लिहा. गणपतीत मी मिरजेला चार दिवस आहे. उलट क्रमाच्या खाचा पाडून हाड करून आणतो आणि दसऱ्याच्या आत टपालाने पाठवतो. बसवताना शिसव यांचे दुकान दूर पडेल, तेव्हा नाशिकमध्ये सतार दुरुस्त करणारे कोणी असतील तर त्यांच्याकडेच न्या, आणि ते तार छेडून कान लावत असताना शेजारी बसून पाहा.